घाव आणि झीज : पांढुर्णा-सौंसरच्या पाण्याचा इतिहास

आपल्या मुलखाच्या इतिहासात दोन छप्पन्न आहेत. पहिले विक्रम संवताचे १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९००. त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली आणि मध्य व पश्चिम हिंदुस्थानात जो दुष्काळ पडला, त्याला उत्तरेकडची माणसे आजही 'छप्पनिया' म्हणतात. दुसरे इसवी सनाचे १९५६. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भातले आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा, त्यातल्या सौंसर-पांढुर्ण्याच्या मराठी पट्ट्यासह, मध्य प्रदेशात राहिला.

दुसऱ्या छप्पन्नाविषयी आपण घरोघरी पुष्कळ बोलत आलो आहोत. शाळेतली भाषा, कचेरीतली भाषा, नागपूरचे सोयरे आणि भोपाळचे कागद हा विषय आपल्याला पाठ आहे. पहिल्याविषयी मात्र कोणी बोलत नाही, कारण ज्यांनी ते पाहिले ती पिढी गेली. हे दोन्ही छप्पन्न आज शेजारी ठेवून पाहावेत, अशी माझी विनंती आहे. हवामानबदलाविषयी सरकारचे जे धोरण आज आपल्या बागेच्या बांधापर्यंत येते, त्याचा स्वभाव पहिल्या छप्पन्नाच्या काळात घडला आणि त्याची हद्द दुसऱ्या छप्पन्नाने आखली.

या धोरणाचे दोन भाग मानतात. हवेत कोळशाचा, तेलाचा धूर सोडणे कमी करायचे, त्याला शमन म्हणतात. जे बदल टळणार नाहीत त्यांच्याशी जुळवून घ्यायचे, त्याला अनुकूलन. हे शब्द गेल्या तीस-चाळीस वर्षांतले. त्यांतले दुसरे काम आपली घराणी त्याला कोणतेही नाव न देता पिढ्यान्‌पिढ्या करीत आली आहेत.

आधी पहिल्या छप्पन्नाकडे जाऊ. १८७६ ते ७८च्या भीषण दुष्काळानंतर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने १८८०मध्ये अहवाल दिला आणि त्यावरून १८८३मध्ये दुष्काळ-संहितेचा नमुना तयार झाला. मग प्रत्येक प्रांताने आपापली संहिता केली. मध्य प्रांतावर १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ आले, तेव्हा या संहितेची खरी परीक्षा झाली. तिची रीत अशी होती. पीक किती आण्यांचे आले याचा अंदाज गावोगावून वर जायचा. भाव चढू लागले, माणसे गाव सोडून भटकू लागली, चोऱ्या वाढल्या, की ती खूण समजायची. मग आधी चाचणीची कामे उघडायची. त्यांवर गर्दी झाली तर रस्ते आणि तलावांची मोठी कामे सुरू करायची. जे काम करू शकत नाहीत त्यांना फुकट अन्न द्यायचे. शेतसारा तहकूब करायचा.

या संहितेला नावे ठेवणे सोपे आहे. मजुरी तुटपुंजी होती, मदत उशिरा पोचत होती, आणि तिजोरी सांभाळणे हा सरकारचा हेतू लपत नव्हता. तरी एक गोष्ट तिने कायमची रुजवली. पाऊस गेला तर राज्यकर्त्यांना काही ठरलेली पावले टाकावीच लागतील, ही ती गोष्ट. ही परंपरा पुढे तुटली नाही. महाराष्ट्रात १९७२च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या विचारातून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७मध्ये तिचा कायदा झाला, आणि २००५मध्ये सगळ्या देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा आला. आपल्या गावात मनरेगातून खोदलेल्या शेततळ्याचे मूळ शोधत गेलात तर ते त्या जुन्या संहितेपर्यंत पोचते.

पण त्या संहितेचा एक दोषही या परंपरेबरोबर खाली आला. तिला घाव दिसत होता, झीज दिसत नव्हती. एका वर्षात पीक बुडाले की यंत्रणा हलायची. पुढच्या वर्षी मृग बरसला की कामे बंद, अन्नछत्रे बंद, कागद बासनात. त्या दोन वर्षांत विकलेले बैल, सावकाराकडे गेलेले शेत, गाळाने भरलेली विहीर, तोडलेले रान यांची कुठल्या रकान्यात नोंद होणार? झीज सावकाश होते. ती आण्यांत मोजता येत नाही.

आता आपल्या घराण्यांनी काय केले ते पाहू. घाटाखालचा सौंसरचा प्रदेश जुन्या काळी ज्वारी आणि कापसाचा. दोन्ही पिके त्या त्या वर्षीच्या पावसावर उभी. संत्र्याचे झाड नागपूरकर भोसल्यांनी औरंगाबादेकडून आणवले, असे परंपरेने सांगतात. ते नागपूर, काटोल, वरूड, मोर्शी करीत इकडे पसरले. १९१३मध्ये नागपूर-छिंदवाडा ही छोटी रेल्वे सौंसरवरून धावू लागली. पांढुर्ण्याला पुढे नागपूर-इटारसीची मोठी लाइन मिळाली. दूरच्या बाजाराची वाट उघडली आणि ज्याच्या शेतात पाण्याची विहीर, त्याने बाग लावली.

हा बदल पैशाच्या ओढीने झाला, हे खरेच. तरी त्यामागे आणखी एक हिशेब होता. ज्वारी एका पावसाळ्यावर जगते किंवा मरते. संत्र्याचे झाड विहिरीवर, म्हणजे मागच्या पावसाच्या शिलकीवर जगते. एखाद्या वर्षीच्या आभाळाच्या लहरीतून सुटण्यासाठी आपल्या पणजोबांनी स्वतःला जमिनीखालच्या पाण्याशी बांधून घेतले. हे अनुकूलनच होते, आणि तीन पिढ्या ते यशस्वी ठरले. त्यातून वाडे झाले, मुले नागपुरात शिकली, लग्ने झाली. आपल्यापैकी कित्येकांच्या घरचा इतिहास हाच आहे.

मात्र या शिलकीचा तळ उथळ आहे. पांढुर्ण्याकडचा काळा बेसॉल्ट आणि सौंसरकडचा फार प्राचीन रूपांतरित खडक, दोन्ही कठीण. भूशास्त्रात या प्राचीन खडकांना 'सौंसर समूह' असेच नाव आहे, म्हणजे आपल्या तहसिलीचे नाव जगभरच्या भूशास्त्रज्ञांना ठाऊक आहे. अशा खडकात पाणी मावते ते वरच्या कुजलेल्या मुरमाच्या थरात आणि भेगांत. गंगेच्या मैदानातल्या गाळासारखा खोल साठा इथे नाही. मोट होती तोवर बैलांच्या दमाइतकेच पाणी निघायचे, आणि विहीर रात्रीतून भरून यायची. आधी ऑइल इंजिन आले, मग विजेची मोटर, मग बोअर. बोअरने आपण वरचा थर ओलांडून खालच्या भेगांत गेलो. तिथले पाणी भरायला बरीच वर्षे लागतात आणि उपसायला एक उन्हाळा पुरतो.

आपल्याच घरी विचारून पाहा. आजोबांच्या वेळी मे महिन्यात विहिरीला पाणी कितीवर असे? वडिलांनी ती किती वेळा खोल केली? पहिला बोअर किती फुटांचा, आणि शेवटचा किती? उत्तरे तोंडी मिळतील, कागदावर मिळणार नाहीत. झीज म्हणतो ती हीच.

या झिजेवर आता हवामानबदल येऊन बसला आहे. केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयाने २०२०मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार भारताचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंश सेल्सियसने वाढले. त्याच अहवालात आपल्यासाठी याहून महत्त्वाचा आकडा आहे. मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळण्याचे प्रसंग १९५० ते २०१५ या काळात सुमारे ७५ टक्क्यांनी वाढले. असा पाऊस जमिनीत मुरत नाही. तो बांध फोडून जाम नदीत जातो, जाममधून कन्हानमध्ये, आणि आपल्या विहिरीला त्याचा उपयोग होत नाही. पर्जन्यमापकावर वर्षाची बेरीज ठीक दिसते आणि फेब्रुवारीत पंप हवा ओढू लागतो.

संत्र्याचे तर सगळे गणितच ऋतूच्या शिस्तीवर उभे आहे. मृग बहारासाठी आपण एप्रिल-मेमध्ये झाडाचे पाणी तोडतो, त्याला ताण देतो, आणि मृगाच्या पावसाने तो ताण मोडला की झाड फुलते. ऐन मेमध्ये अवकाळी पाऊस आला तर ताण अर्ध्यावर मोडतो आणि बहार फुटतो तो कमी, विस्कळीत. मृग लांबला तर ताण जास्त होऊन झाड खंगते. आंबिया बहाराची कोवळी फळे मेच्या उन्हाने गळतात. मृगाचे फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडावर असते, आणि गारपिटीचाही काळ तोच; २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात काय झाले ते बागायतदार विसरलेले नाहीत.

अशा वेळी धोरण काय करते? गारपीट झाली की पटवारी पंचनामा करतो आणि मध्य प्रदेशात ज्याला सगळे 'आरबीसी सहा-चार' म्हणतात, त्या महसुली परिपत्रकाप्रमाणे मदत मिळते. हवामानावर आधारलेला फळपीक विमा ठरलेल्या केंद्रावरचे पाऊस-तापमानाचे आकडे पाहतो. त्यांनी ठरलेली रेषा ओलांडली तर भरपाई देतो. दोन्ही सोयी उपयोगाच्या आहेत, आणि दोन्ही दुष्काळ-संहितेच्या नाती आहेत. घाव बसला की त्या जाग्या होतात. विहिरीचे पाणी दर वर्षी हातभर खाली गेले, झाडे एकेक करून वाळली, दहा वर्षांत बागेची उमेद संपली, तर त्यासाठी कोणता अर्ज भरायचा? असा अर्जच नाही.

हा दोष फक्त आपल्याकडचा नाही. १९९२मध्ये रिओला जगाने हवामान करार केला तेव्हा 'जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही' हे तत्त्व मान्य झाले. ज्यांनी दीडशे वर्षे धूर सोडून संपत्ती केली त्यांनी आधी आणि जास्त करावे, अशी भारताची बाजू होती आणि आहे. २००९मध्ये कोपनहेगनच्या परिषदेपूर्वी ब्राझील, दक्षिण आफ्रिका, भारत आणि चीन हे चार देश याच भूमिकेवर एकत्र आले. वातावरणातला कार्बन हीही झीजच आहे. ती साचत जाते, म्हणून जुना हिशेब मागावा लागतो. २०२२मध्ये शर्म अल-शेखच्या परिषदेत नुकसानभरपाईसाठी निधी उभारायचे ठरले, तेव्हाही वादळ आणि पुराचे नुकसान मोजणे सोपे, पण समुद्र इंचाइंचाने चढणे, जमीन खारावणे, पाणी आटणे यांचे काय, हा पेच जगापुढे उभा राहिला. सौंसरचा बागायतदार आणि पॅसिफिक बेटावरचा कोळी यांची अडचण इथे एक होते.

भारताने २००८मध्ये हवामानबदलाचा राष्ट्रीय कृती आराखडा केला आणि त्यात आठ अभियाने ठेवली. पाणी, शेती, सौरऊर्जा त्यांत आहेत. त्यापाठोपाठ प्रत्येक राज्याने आपापला आराखडा करायचा, असे ठरले. इथे दुसरे छप्पन्न समोर येते.

राज्याचा आराखडा राज्याच्या हद्दीपर्यंत चालतो. आपला मुलूख मात्र हद्दीच्या दोन्ही बाजूंना सारखाच आहे. पांढुर्ण्याला लागून नरखेड. तोच खडक, तीच संत्री, त्याच सोयरिकी. इकडे पटवारी आणि खसरा, तिकडे तलाठी आणि सातबारा, एवढाच फरक डोळ्यांना दिसतो. २०१९च्या डिसेंबरात केंद्राने अटल भूजल योजना सुरू केली. सात राज्ये, सहा हजार कोटी रुपये. तिचे वैशिष्ट्य असे की गावाने स्वतः विहिरींची पातळी मोजायची, पाण्याचा जमाखर्च ग्रामपंचायतीत मांडायचा आणि त्यावरून पिके ठरवायची. झीज मोजायला शिकवणारी ही मोठी सरकारी योजना. महाराष्ट्राने तिच्यात नागपूर आणि अमरावती जिल्ह्यांतला संत्र्याचा भाग घेतला. नरखेड-काटोल त्यात आले. मध्य प्रदेशाने बुंदेलखंडातले सहा जिल्हे निवडले. त्यांची तहान मोठी आहे, निवडीत अन्याय शोधण्याचे कारण नाही. पण परिणाम असा झाला की एकाच खडकातल्या पाण्याचा जमाखर्च एका बाजूला लिहिला जाऊ लागला आणि दुसऱ्या बाजूला कोराच राहिला. भोपाळहून पाहिले तर आपण दक्षिणेचे टोक, मुंबईहून पाहिले तर परके राज्य.

नद्यांचेही असेच. पेंचच्या पाण्यासाठी दोन राज्यांचा करार १९६४चा. वर चौरईजवळ मध्य प्रदेशाचे धरण झाले, खाली तोतलाडोहला येणारे पाणी घटले, त्यात पाऊस कमी झाला, आणि २०१९च्या जुलैत नागपुरासारख्या शहराला दिवसाआड पाणी घ्यावे लागले. आपली कन्हान तर धोरणाची दोन्ही टोके एका प्रवाहात जोडते. ती दमुआ-जुन्नारदेवच्या कोळशाच्या पट्ट्यातून येते, रामाकोन्यावरून संत्र्याच्या मुलखात शिरते आणि पुढे खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्राजवळून जाते. भारताने २०२१मध्ये ग्लासगोला सांगितले की २०७०पर्यंत आपण हवेत जेवढा कार्बन सोडू तेवढाच परत शोषून घेऊ. त्या वचनाचा अर्थ कन्हानच्या वरच्या काठी असा होतो की खाणीतल्या कामगाराच्या नातवाला दुसरे काम लागेल. खालच्या काठच्या बागायतदाराने हे आपले नव्हे असे समजू नये. एका जुन्या जिल्ह्यातली ही दोन घरे आहेत.

शमन आणि अनुकूलन कधी एकमेकांच्या आड येतात, हेही आपल्याच विहिरीवर दिसते. २०१९पासून कुसुम योजनेत सौरपंपाला अनुदान मिळते. डिझेल वाचते, रात्री विजेची वाट पाहत जागावे लागत नाही. शमन म्हणून हे उत्तम. पण ऊन फुकट असते, आणि फुकटच्या पंपाला थांबण्याचे कारण नसते. मोटेला बैल दमल्याची मर्यादा होती, मोटरला बिलाची, सौरपंपाला मर्यादा आपण घातली तरच. ठिबकचेही तसेच, वाचलेल्या पाण्यावर आपण आणखी दोनशे झाडे लावली तर जमिनीखालची शिल्लक वाचली असे कसे म्हणावे? या बाबतीत सरकारला दोष देऊन आपली सुटका होत नाही. विहीर आपली आहे आणि उपसाही आपला.

जुन्या राज्यकर्त्यांना पाण्याची जाण होती. ज्या देवगडच्या बख्त बुलंदाने नागपूर वसवले, त्या देवगडच्या परिसरात आठशे विहिरी आणि नऊशे बावड्या होत्या असे लोक सांगतात. आकडा दंतकथेचा असेल, बावड्या खऱ्या आहेत. त्यांतल्या काहींचा गाळ अलीकडे मनरेगातून काढला गेला. त्या पुन्हा भरल्या, कारण त्या कुठे आहेत हे गावाच्या आठवणीत होते. आठवण हीही पाण्याची सोय असते, आणि ती लिहून ठेवली नाही तर एका पिढीत आटते.

५ ऑक्टोबर २०२३ला पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. सौंसर आणि पांढुर्णा या दोन तहसिली त्यात आल्या. छिंदवाड्याच्या मोठ्या जिल्ह्यात आपण घाटाखालचा एक कोपरा होतो. डोंगरावरचा मका, खाणी, जंगल आणि आपली संत्री यांची एकच सरासरी निघत होती. आता प्रथमच केवळ आपल्या मुलखाचा आराखडा होऊ शकतो. आपत्ती व्यवस्थापनाचा २००५चा कायदा प्रत्येक जिल्ह्याला आपत्तीचा आराखडा करायला सांगतो. त्यात पूर येईल, गारपीट येईल, वीज पडणे येईल. विहिरींची उतरती पातळी त्यात यावी असे वाटत असेल, तर ती कोणीतरी मोजलेली असली पाहिजे. ज्याची नोंद नाही, ते धोरणाच्या दृष्टीने घडलेलेच नसते. हे आपल्या पूर्वजांना आणेवारीने शिकवले होते.

म्हणून एक काम सुचवतो, फार छोटे. आपल्या शेतातली एक जुनी उघडी विहीर निवडा. वापरात नसली तरी चालेल, कोरडी नसली म्हणजे झाले. तिच्या काठावर रंगाने एक खूण करा. वर्षातून दोनदा, पहाटे पंप सुरू होण्याआधी, दोरीला दगड बांधून त्या खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजा आणि वहीत तारखेसह लिहा. एकदा कार्तिकी पौर्णिमेला, पाऊस संपून विहीर भरलेली असताना. एकदा अक्षय्य तृतीयेला, उन्हाळा चढलेला असताना. जुन्या वह्यांत, खरेदीखतांत, भावकीच्या वाटणीपत्रांत विहिरीच्या खोलीचा उल्लेख सापडला तर तोही त्याच वहीत उतरवा. पन्नास घरांनी दहा वर्षे हे केले, तर जिल्ह्याच्या टेबलावर ठेवायला आपल्याकडे झिजेचा पहिला पुरावा असेल, आणि नरखेडच्या नोंदींशेजारी ठेवता येईल असा. पाण्याचा हिशेब तरी हद्दीच्या दोन्ही बाजूंना एका भाषेत लिहिला जाईल.

अक्षय्य तृतीयेला आपण पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरून ठेवतो. पहिले छप्पन्न पाहिलेले पितर त्यांत आहेत, आणि ज्यांनी आपल्यासाठी विहिरी खोदल्या तेही. पुढच्या वर्षी घागर भरण्यापूर्वी विहिरीत दोरी सोडून पाहा, आणि वहीत आकडा लिहून मग पूजेला बसा.